सलग दुसऱ्या वर्षी

गोडदेवच्या सुयोग पाटलाची उंची सहा फूट आठ इंच. ती आली कुठून, हे पाटलांच्या घरात आजवर कुणाला उलगडलेलं नाही. वडील काळूराम पाच फूट पाच, आई जिजाबाई त्याहून चार बोटं कमी. आजोबांनी जन्मभर मिठागरात उन्हं खाल्ली आणि ते तर दरवर्षी थोडे आटतच गेले, असं जिजाबाई सांगतात. पण पोरगा वाढला. आठवीत असताना वर्गाच्या चौकटीवर कपाळ आपटून टेंगूळ आलं, तेच घेऊन तो जेसल पार्कातल्या मैदानात उभा होता, तर बास्केटबॉल शिकवणाऱ्या सरांनी त्याला पाहिलं आणि हातातला चहा तसाच सोडून ते धावत आले.

परदेशात खेळतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा गॉगल आणि लांबलचक गाडी उभी राहते. सुयोगच्या नशिबी ते नव्हतं. तो हंगामी गडी. जगात कुठेतरी कुणाचा तरी गुडघा जायचा, एजंटचा फोन यायचा आणि परवा सकाळी सुयोग विमानात, पाय दुमडून. नऊ वर्षांत नऊ संघ, सात देश. मालदीवला कोर्ट समुद्राला इतकं खेटून होतं की बॉल पाण्यात गेला की दोन्ही संघ भांडण विसरून काठावर उभे राहायचे. मंगोलियात सरावाला चालत जाताना त्याच्या मिशीवर बर्फ धरायचा आणि पोचल्यावर ती तासभर गळत राहायची. कोसोवोत त्याच्या मापाचा पलंगच मिळेना, तेव्हा घरमालकिणीने पायांसाठी वेगळं स्टूल दिलं आणि त्यावर प्रेमाने उशी ठेवली. या सगळ्या गोष्टी सुयोग इतक्या हसत सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, मजा आहे बुवा याची.

मजा होतीच. पण एक काटा होता. सुयोग काही धडाधड बास्केट करणारा हिरो नव्हे. तो धक्के खाणारा, बास्केट हुकून परतलेला रिबाउंड झेलायला गर्दीत घुसणारा, सुटलेल्या बॉलमागे चक्क लोटांगण घालणारा. असा माणूस सगळ्यांना आवडतो. हंगाम संपला की प्रत्येक संघ त्याला मिठी मारायचा, कुणी टोपी द्यायचं, कुणी डोळेही पुसायचं. आणि पुढच्या हंगामाला संघ दुसऱ्यालाच बोलवायचा. पुन्हा ये, असं त्याला नऊ वर्षांत एकाही संघाने म्हटलं नव्हतं. तेहेतिसाव्या वर्षी सुयोगला कप नको होता, पेपरात फोटो नको होता. एका संघाने एकदा ठेवून घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं आणि ते तो कुणाला सांगत नव्हता.

काळूरामांना न सांगताच ठाऊक होतं. काळूराम म्हणजे पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. गल्लीगल्लीत पाणी सोडण्यात हयात गेली, त्यामुळे अख्ख्या गोडदेवला ते ओळखत होते आणि अख्खं गोडदेव त्यांना घाबरून होतं. पोराला नवा संघ मिळाला की नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लागलाच पाहिजे, हा त्यांचा नेम. पुतण्या मितेशचं बॅनर छापायचं दुकानच होतं. वर मान्यवरांचे गोल फोटो, मधे बॉल धरलेला सुयोग, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्या रांगेत पहिले काळूराम, मिशीला पीळ देऊन. असे नऊ बॅनर लागले होते, आणि दर वेळी संघाचं नाव नवं.

नववा संघ जॉर्जियातल्या एका डोंगराळ गावातला. तिथे सुयोगचं सूत असं जुळलं की बाजारातल्या बायका त्याला 'इंडिया' अशी हाक मारून अक्रोड द्यायच्या. मे महिन्यात निघताना क्लबचे अध्यक्ष बाद्री, जाडजूड आणि सदा आठी घातलेले, त्याला म्हणाले, "तुझा विचार चालू आहे. जूनच्या मध्यावर सांगतो. तोवर बाहेर एक शब्द नको. घोषणा क्लब करतो, खेळाडू नाही."

सुयोगने घरी येऊन हे एकट्या वडिलांना सांगितलं. इथेच चुकलं.

काळूरामांचा हिशेब साधा. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की मांडववाल्याला सांगून ठेवायचं असतं, नाहीतर आयत्या वेळी मांडव मिळत नाही. त्यांना विचार चालू आहे म्हणजे झालंच, असं वाटलं. आणि एक शब्द नको म्हणाले, तर ठीक आहे, ते तोंडातून एक शब्द बोलले नाहीत. सगळं छापलं.

चौथ्या दिवशी सकाळी सुयोग पाव आणायला नाक्यावर गेला आणि जागीच थिजला. पंधरा फुटी बॅनर. 'गोडदेवची शान सुयोग पाटील यांची जॉर्जिया येथे सलग दुसऱ्या वर्षी फेरनिवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर मान्यवरांच्या जागी खुद्द बाद्री, आणि मितेशने कॉम्प्युटरवर त्यांच्या डोक्याला भरजरी फेटा बांधला होता. कपाळावरची आठी तशीच, फक्त तिच्या मधोमध गंध.

पाव न घेताच तो घरी आला.

"बाबा, तू काय केलंस हे?"

"काय केला? सगलीच करतात."

"अजून सही नाय झाली!"

"मंग होल ना," काळूराम म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

"उतरव तो. आत्ता."

"लावलेला बॅनर उतरवू? लोका काय बोलतील, पोऱ्याला काढला?"

तेवढ्यात मितेश हसत हसत दारात आला. त्याने बॅनरचा फोटो आदल्या संध्याकाळीच, खाली इंग्रजीत मजकूर लिहून, इन्स्टावर टाकला होता आणि कौतुकाने क्लबला टॅगही केलं होतं. "दादा, चार हजार लाइक! तिकडची पब्लिक पागल झालीये!" "अरे, क्लबने बाहेर एक शब्द नको म्हटलंय!" सुयोग ओरडला. मितेशने घाईघाईने फोटो काढून टाकला खरा, पण तोवर तो जॉर्जियातल्या त्या गावात घरोघर फिरून आला होता.

दोन दिवस फोन वाजला नाही. सुयोग जेवला नाही आणि त्याच्या वाटणीचं कालवण संपवताना घरादाराच्या नाकी नऊ आले. काळूराम तर स्वतःच्या घरात चोरासारखे वावरत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर बाद्री, आठीसकट.

"हे कुणी केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

सुयोगने एकदा वडिलांकडे पाहिलं. "मी जबाबदार आहे."

काळूरामांना इंग्रजी येत नाही, पण पोराची मान खाली गेलेली त्यांना कळली. त्यांनी फोन हातातून ओढून घेतला आणि आयुष्यभर परक्या माणसाशी ज्या भाषेत बोलले, त्याच भाषेत बोलायला लागले.

"साहब, नमस्ते. गलती मेरा है. लडके का कुछ हात नहीं. नौ साल में नौ बॅनर लगाया मैंने. हर बार नया नाम. साहब, मेरे को एक बार वही नाम दुबारा लगाने का था. मेरे से रुका नहीं गया. बस."

बाद्रींना अर्थातच ओ की ठो कळलं नाही. ते सुयोगकडे बघत राहिले. सुयोग भाषांतर करायचं विसरून वडिलांकडे वळला. आपल्या मनातलं हे म्हाताऱ्याला इतकं नेमकं माहीत होतं, आणि तो नऊ वर्षं ते मुकाट नाक्यावर टांगत होता! कसंबसं, तुटक इंग्रजीत, त्याने ते सगळं सांगितलं. शेवटचं 'बस' सुद्धा.

बाद्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खरं सांगू? मी दुसरा मुलगा बघून ठेवला होता. तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. पण परवापासून बाजारात मला कुणी फुकट चीज देतंय, कुणी दारू पाजतंय. सगळे म्हणतात, इंडियाला ठेवलंस, शाबास. पंधरा वर्षं अध्यक्ष आहे मी. आमच्या गावात भिंतीवर माझ्याबद्दल जे लिहितात ते तुला ठाऊक आहे. माझा फोटो भिंतीवर कुणी चांगल्या कारणासाठी लावला, तो पहिल्यांदाच. माझ्या आईने तो छापून हॉलमध्ये टांगलाय." आणि आठी हलली, चक्क हलली. "त्या मुलाला मी नाही म्हणून कळवलंय. कागद पाठवतो. सही कर. आणि तुझ्या बापाला सांग, पुढच्या वेळी आधी मला विचारायचं."

पुढच्या वेळी! सुयोगने हे वडिलांना सांगितलं आणि घरात जो काही कल्लोळ उडाला तो विचारू नका. मितेश नाक्याकडे ओरडत धावला. काळूरामांनी पोराला मिठी मारली, म्हणजे त्याच्या बरगड्यांना मारली, कारण त्यांचे हात तेवढेच पोचतात. सुयोग त्यांना उचलून गरागरा फिरवायला लागला, तेव्हा वर फिरणाऱ्या पंख्याचं भान फक्त जिजाबाईंना होतं.

"खाली ठेव त्याला, ठेव," त्या ओरडल्या. मग पदराने डोळे पुसून त्यांनी फडताळातून वही काढली. "आता पत्ता सांग. दिवाळीचा फराळ धाडायचा हाय."

नऊ वर्षांत त्यांनी एकदाच फराळ धाडला होता, कंबोडियाला. तो पोचला तेव्हा सुयोग मंगोलियात होता आणि चकल्या त्याच्या जागी आलेल्या खेळाडूने खाल्ल्या. वहीत पेन्सिलीने लिहिलेला तो पत्ता त्यांनी खोडून टाकला आणि तेव्हापासून पत्ता विचारणं सोडलं होतं.

सुयोग सवयीने म्हणाला, "कळवतो गं तिकडे गेल्यावर." आणि मग थांबला. तीच खोली, तीच गल्ली, जिन्यात तीच मांजर. त्याला सगळं पाठ होतं. वडिलांना त्याने अलगद खाली ठेवलं, आईशेजारी मांडी घालून बसला आणि घर नंबरापासून एकेक अक्षर सावकाश सांगायला लागला. जिजाबाई पेनाने लिहीत होत्या.