मेजर आले, सोडा गाडी

आमच्या सांगलीच्या भटकंती मंडळात माणसं मोजायची पद्धत नव्हती. रविवारचा डोंगर उतरून झाला की ड्रायव्हर एकच विचारायचा, "मेजर आले का?" आले म्हटलं की गाडी सुटायची. कारण जोतीराम मेजर सगळ्यांच्या मागं चालायचे आणि त्यांच्या मागं कुणी उरलेलं नसायचं.

मेजर कसले, हवालदार म्हणून रिटायर झालेत. पण आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजरच. पलूसकडचे, घरचा ऊस मुलगा बघतो. रविवारी पहाटे मोटारसायकलवरून सांगलीला यायचे. मी, मंगल, माधवनगरला ब्लाऊज शिवते. अंगानं जड आहे, चढ आला की धाप लागते. सगळ्यांच्या मागं मी आणि माझ्या मागं मेजर. कधी "उरका" म्हणाले नाहीत. मी थांबले की तेही थांबायचे, भलतीकडंच बघत उभे राहायचे, मला लाज वाटू नये म्हणून. "चाला सावकाश, वैनी. डोंगर काय पळून चाललाय व्हय?" एवढंच. नवऱ्यानंही मला कधी इतकं सांभाळून घेतलं नाही, खरं सांगते.

यंदा इंद्रजित अध्यक्ष झाला आणि मंडळाला शिंगं फुटली. टी-शर्ट आले, ड्रोन आला. मेजरांचा गुडघा सुजला होता, तेही त्याच्या नजरेत आलं. चंदन-वंदन या जोडगडांच्या पायथ्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "मेजर, तुमच्यामुळं उशीर होतो. आज तुम्ही पुढं चला. मागं ऋषिराज राहील."

उशीर माझ्यामुळं व्हायचा. हे त्या शहाण्याला चांगलं ठाऊक होतं.

"मला मागं ऱ्हायाची सवय हाय," मेजर म्हणाले.

"मग आता पुढची लावून घ्या," इंद्रजित म्हणाला आणि चार जण हसले. मेजर पुढं गेले. सांगितलेलं ऐकायचं, ही त्या माणसाची जुनी खोड.

ऋषिराज म्हणजे कॉलेज नुकतंच संपवलेला, इंद्रजितच्या मागं-पुढं करणारा. दोन गडांमधल्या खिंडीपर्यंत तो माझ्याबरोबर होता. तिथं इंद्रजितनं ड्रोन उडवला आणि हा पठ्ठ्या "काकू, आलोच" म्हणून जो पळाला तो पळालाच. उतारावर माझा पाय मुरगळला. बसकण मारली, हाका मारल्या. फोनला रेंज नाही. खाली वाडीत आमची गाडी उभी दिसत होती, माणसं चढताना दिसत होती. मग गाडी हलली. माझ्या डोळ्यांदेखत हलली. मी ज्या शिव्या दिल्या, त्या आईनं ऐकल्या असत्या तर माझं थोबाड फोडलं असतं.

खाली काय झालं ते नंतर कळलं. ड्रायव्हरनं नेहमीचंच विचारलं आणि मेजर तर पुढच्याच सीटवर बसलेले. मेजरांनी ऋषिराजला विचारलं, "सगळी आली न्हवं?" त्यानं मोबाईलमधनं मान वर न काढता "हो" म्हटलं. हायवेला लागल्यावर मेजरांना चैन पडेना. उठून मागं गेले, तर माझी जागा रिकामी. म्हणाले, गाडी वळवा. इंद्रजित म्हणाला, वळण लांब आहे, वाडीत फोन करून कुणाला तरी पाठवू. मेजर उतरले. रस्त्यावरच्या एका मोटारसायकलवाल्याला थांबवून वाडीत आले आणि तो गुडघा घेऊन डोंगर चढले. दिवस कलला होता. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "राग मागनं काढा, वैनी. आदी हात द्या."

गाडी परत आली, पण आम्ही दोघं खाली पोचल्यावर.

पुढच्या बैठकीत टेबलावर शाल-श्रीफळ. एखाद्याला बाजूला करायचं असलं की आमच्यात त्याचा सत्कार करतात. इंद्रजितनं माईक घेतला. म्हणे, "वयानुसार गफलत होते. मेजर दिसले म्हणूनच गाडी सुटली, त्यांनी मागं लक्ष द्यायला हवं होतं. आता त्यांना विश्रांती देऊया." टाळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठलेच. "ऋषिराज कुठं होता ते सांग आधी. आणि त्याला मागं ठेवायची अक्कल कुणाची होती तेही सांग."

"बसा, वैनी," मेजर म्हणाले. "चूक माझीच हाय." इंद्रजितचा चेहरा खुलला. मेजर त्याच्याकडंच बघत होते. "तू पुढं जा म्हणलास आन् मी गेलो. जायाला नको हुतं."

शाल तशीच ठेवून ते बाहेर पडले. मी मागोमाग गेले. म्हटलं, मीही मंडळ सोडते, चुलीत जाऊ दे यांचा डोंगर. तर हा माणूस पहिल्यांदा माझ्यावर तडकला. "तुमी सोडलं तर मागं कोण ऱ्हाणार? ही पोरं? माझा गुडघा संपला, वैनी. मिरजंच्या डॉक्टरनं चढायचं बंद केलंय. आता तुमीच."

पुढच्या रविवारी पायथ्याला इंद्रजित मला म्हणाला, "काकू, तुम्ही मध्ये चला." म्हटलं, "मी मागंच चालणार. माझ्या मागं कुणी राहणार नाही, आणि मी उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही. उशीर झाला तर बस बोंबलत."

तो पुटपुटत पुढं झाला. आता चढावर दम लागला की मी त्याची पाठ बघते. रागानं पाय आपोआप उचलतात.