आप्पांचा वूफर

इंजिनांच्या दुरुस्तीत नोकरी सरली तोवर आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान पार गेले होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या भजनात वीस वर्षं पखवाज वाजवलेला माणूस. आता भजनाला गेला तरी नुसता लोकांच्या तोंडाकडं बघत बसायचा. मला ते बघवायचं नाही.

एकदा गणपतीच्या मंडपात ते स्पीकरच्या खोक्याला टेकले आन् चेहराच उजळला. ‘हाताला लागतंय!’ म्हणाले. झालं! मी बारा इंची वूफर घेऊन आलो, वर दोनशे वॉट छापलेला. ॲम्प्लिफायर घरात होता, चाळीसचा. म्हटलं, एवढासा ॲम्प एवढ्या मोठ्या स्पीकरचं काय वाकडं करणार?

आप्पा रोज दुपारी खोक्यावर तळवे ठेवून बसायचे. हाताला कमी लागलं की बटण पिळायचे, पार शेवटपर्यंत. आवाज फाटायचा, पण त्यांना कुठलं कळायला? एक दिवस मी कुरकुंभच्या कारखान्यातली पहिली पाळी करून आलो, तर घरभर जळका वास. वूफर गेलेला. माझं डोकंच फिरलं. ‘कान गेले ते गेले, आता अक्कल पण गेली का?’

वाटलं, ऐकू थोडंच जातंय. पण इंजिनांच्या धडधडीत ही माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायची. आप्पांनी शब्द न् शब्द वाचला. उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे चाचा होते. त्यांनी वूफर उघडून काळी पडलेली कॉइल माझ्यासमोर धरली.

‘चूक तुझी हाय. दोनशे हा घटकाभराचा आकडा. कायम सोसायचा मागं बारीक लिवलाय, बघ, साठ. आन् चाळीसच्या ॲम्पला ताकदीपल्याड पिळलं की त्यो आवाज कापून देतो. जवळजवळ दुप्पट ताकद जाती, कॉइल तापती. ऐकू येणारा मानूस फाटलेला आवाज ऐकून बटण मागं घेतो. तुझ्या बापाला कोन सांगनार?’

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चाचांनी कॉइल बदलली, वूफरच्या रोधाचे ओम जुळवून ऐंशीचा ॲम्प दिला आणि आत अशी मर्यादा घातली, की बटण पुरतं फिरवलं तरी तो साठच्या पुढं जायचा नाही. ‘आता खुशाल पिळू दे म्हाताऱ्याला,’ म्हणाले.

पण म्हातारा खोक्याकडं फिरकेना. आठ दिवस. चहा झाला की ओट्यावर. मी पाटीवर लिहिलं, ‘चुकलं माझं.’ त्यांनी वाचलं, पाटी पुसून ठेवली. ‘परत जळंल. ऱ्हाऊ दे.’

शेवटी मी त्यांच्याच भजनी मंडळाची जुनी कॅसेट लावली. कोणती ते सांगितलं नाही. हात धरून त्यांना आत आणलं, त्यांची बोटं बटणावर ठेवली आन् माझ्या हातानं टोकापर्यंत फिरवली. ते घाबरून माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली, काही होत नाही. मग त्यांनी हळूच दोन्ही तळवे खोक्यावर टेकले, डोळे मिटले. बोटं हलायला लागली.

मधेच खुदकन हसले. ‘हितं माझा हात चुकला व्हता बघ.’

ती कॅसेट मी शंभरदा तरी ऐकली असेल. मला ती चूक कधी ऐकूच आली नव्हती.