धास्ती म्हणजे काय

गुडगावच्या आमच्या ऑफिसात एकदा ट्रेनिंगवाल्या बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, ही तुमची सेफ स्पेस, इथे न घाबरता बोला. मग एकेकाला विचारलं, तुमची स्वतःची सेफ स्पेस कुठली? कुणी घर म्हणालं, कुणी आईची खोली. मी फटकन म्हटलं, मराठी! सगळे हसले. हसेनात का! करोल बागेत दुकानदाराच्या तोंडावर "काहीच्या बाही सांगतोय मेला, चल निघू" म्हणता येतं, त्यातलं सुख ह्यांना काय कळणार?

ट्रेनिंग लवकर आटपलं म्हणून दुपारी तीनलाच ऑफिसच्या कॅबनं नव्या सेक्टरमधल्या घरी निघाले. ड्रायव्हर नवा होता. मध्येच त्यानं हायवे सोडला आणि गाडी अर्धवट टॉवरांमधल्या कच्च्या रस्त्यावर घातली.

"भैया, ये कौन सा रास्ता है?"

त्यानं आरशातून नुसतं बघितलं माझ्याकडे. लख्ख ऊन होतं, पण चिटपाखरू नव्हतं. दाराचं हँडल ओढून पाहिलं, तर लॉक.

नवरा टूरवर होता. घरच्या फोनवर लेकीला लावला. नऊ वर्षांची पोर, घरातलं रोजचं मराठी तेवढंच येणारी, शाळेतून येऊन एकटी बसलेली. तिला एवढंच सांगायचं होतं, की आई घाबरलीय, शेजारच्या आंटींना बोलाव. पण घाबरले म्हटलं तर ड्रायव्हरला कळणार. भीती म्हटलं तरी कळणार. पोलीस तर सोडाच. अर्धी मराठी हिंदीसारखी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"बाळा, मला धास्ती वाटतेय. हाकणारा आडवाटेला लागलाय. शेजारणीला सांग, लवकर."

"क्या?"

"धास्ती गं! धास्ती!"

"मम्मा, हिंदी में बोलो ना! कुछ समझ नहीं आ रहा."

इतक्या मोठ्यानं ओरडली की त्यालाही ऐकू गेलं असणार. आणि रेंज जाऊन फोन कटला. इथे माझं काही बरंवाईट झालं तर मी शेवटचं काय बोलले तेसुद्धा माझ्या पोरीला कळणार नाही, ह्या विचारानं मी पुन्हा पुन्हा घरचा नंबर लावत राहिले.

दोन-चार गचके बसले आणि गाडी आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटाशी निघाली. "आगे जाम था, मैडम," तो म्हणाला. बस, एवढंच. उतरले आणि धावतच घर गाठलं.

लेकीनं दार उघडलं. मी तिला पोटाशी धरलं, सोडेचना.

"मम्मा, धास्ती म्हणजे काय?"

"डर," मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. "मग डर बोलायचं ना! मी आंटीला बोलावलं असतं."