मी परत पाठवलेला बँड

वडील वारले त्या दिवशी मी आईच्या नावावर खोटं बोललो. गल्लीच्या तोंडाशी आलेल्या बँडला मी परत पाठवलं आणि वर सांगितलं, "आई नको म्हणतीय." आई तसं काही म्हणाली नव्हती. बँड आलाय हेच तिला ठाऊक नव्हतं.

माझ्या वडिलांना सगळा गाव आण्णा म्हणायचा, मीही तेच म्हणायचो. ते शिंपी होते. अणदूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. पायजमे, झंपर, शाळेचे गणवेश हे रोजचं काम. पण तुळशीचं लग्न लागलं की शेजारच्या गावचे बँडवाले गठुडं घेऊन यायचे. त्यात लाल कोट असायचे, खांद्यावर सोनेरी झालर असलेले, पावसाळाभर पेटीत कुबट झालेले. सगळे कोट काखेतच उसवलेले असत. हात वर धरून वाजवणाऱ्याचा कोट तिथंच जातो.

नवा कोट शिवायचा असला की आण्णा बँडमास्तरांना म्हणायचे, "दम भरा." वाजवणाऱ्याचं माप भरल्या छातीचं घ्यावं लागतं. मास्तर श्वास कोंडून, डोळे मोठे करून उभे राहायचे आणि आण्णा मुद्दाम टेप हळू फिरवायचे.

"आण्णा, माप घेताय का जीव घेताय?"

"वाजवताना बटन उडालं तर नवरदेवाचा डोळा जाईल. थांबा जरा."

कोट अंगावर चढले की तिथंच रस्त्यावर बँड एकदा वाजायचा, शिलाई कुठं ओढतीय का बघायला. मी पायरीवर बसून ऐकायचो. मास्तरांची क्लॅरोनेट नेहमी जराशी चढी लागायची. मागचा मोठा भोंगा प्रत्येक ठेक्याला थोडा उशिरा पोचायचा, आणि ढोलवाला त्याच्यासाठी थांबायचा नाही. गाणं सिनेमातलं असलं तरी यांच्या हातून ते दुसरंच काहीतरी होऊन बाहेर यायचं. मला ते तसंच आवडायचं. अजून आवडतं. लग्नसराईत आण्णा मला सायकलवर पुढं बसवून जिथं हा बँड असेल त्या गावाला न्यायचे. ना त्या घराशी ओळख, ना जेवायचं आवतण. वरात मारुतीपर्यंत जायची तेवढा वेळ आम्ही रस्त्याच्या कडेनं चालायचो आणि ऐकून परत यायचो.

पुढं शिकायला सोलापूरला वसतिगृहात राहिलो. जाताना एका वरातीत टेप केलेली कॅसेट बरोबर नेली होती. खोलीतल्या पोरांनी ती एकदा लावली. एकानं डोक्यावर बादली घातली, दुसरा ताट बडवत खोलीभर फिरला. "नवरदेव कुठाय? कुणी घोडं व्हा रे." मीही हसलो. तेव्हापासून माझं नाव बँडवाला पडलं. पंधरवड्याच्या आत मी त्या कॅसेटवर दुसरी गाणी भरून घेतली, सगळे ऐकायचे ती.

नंतर धाराशिवला सरकारी नोकरी लागली. साहेब लोकांत गाण्यांचा विषय निघाला की मी गझलेबद्दल बोलायचो. एकटा गाडीत असलो की मोबाईलवर कुठल्याकुठल्या लग्नांतले बँड लावायचो, काचा वर करून. बायकोलाही हे माहीत नव्हतं.

आमच्याकडं म्हातारं माणूस पिकून गेलं की वाजवत न्यायची रीत आहे. कुणी भजन लावतं, कुणी हलगी, कुणी बँड. आण्णांचे हात थरथरायला लागले, मशीन बंद झालं, तरी मास्तर अधूनमधून येऊन ओट्यावर बसायचे. एकदा माझ्यासमोरच आण्णा त्यांना म्हणाले, "मला न्हेताना तुमीच वाजवायचं. रडकं न्हाय, वरातीतलं."

"तुमी नुसती हाळी द्या, आण्णा."

"मेल्यावर कशी हाळी देऊ?"

"मग पोरगं दिईल की."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणून मान हलवली.

आण्णा गेले ते सकाळी, चहा घेऊन आडवे झाले तेव्हा. मी धाराशिवहून पोचलो. आईनं रडता रडता विचारलं, "मास्तरला कळवलंस?" मी म्हणालो, "बघतो." त्याच वेळी आमचे साहेब दोन गाड्या घेऊन येत असल्याचा फोन आला. मी मास्तरांना फोन केला नाही.

त्यांना परस्पर कळलं होतं. तिरडी बांधत असताना गल्लीच्या तोंडाशी लाल रंग दिसला. मास्तर आणि त्यांची माणसं, आण्णांनी शिवलेले कोट घालून, वाद्यं गळ्यात अडकवून उभी होती. साहेब माझ्या शेजारी होते. मी लगबगीनं पुढं गेलो.

"मास्तर, आज नको."

"आण्णानं सांगितलं व्हतं. तुमी तिथंच व्हता की."

मला त्या क्षणी वसतिगृहातली ती बादली आठवली, हे मी शपथेवर सांगू शकतो. मी म्हणालो, "आई नको म्हणतीय."

मास्तरांनी टोपी काढली. "वैनीचा शब्द म्हनल्यावर काय बोलायचं." लाल कोटात मयतीला नुसतं चालणं बरं दिसेना, म्हणून सगळ्यांनी कोट काढले, उलटे करून घडी घातली आणि वाद्यांसकट आपल्या टेम्पोत ठेवले. साध्या सदऱ्यांवर ते स्मशानापर्यंत सगळ्यांच्या मागं चालत आले. बायका घरीच थांबतात, त्यामुळं आईला हे काही दिसलं नाही. परतताना साहेब म्हणाले, "फार शिस्तीत झालं सगळं." मी आभार मानले.

तेराव्यानंतर आई एवढंच म्हणाली, "मुक्यानं न्हेलास तुझ्या बापाला." मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं तिनं तिच्या पद्धतीनं समजून घेतलं. बँडवालेच आले नाहीत, पोरगा तरी काय करणार. मग ती आल्यागेल्याला सांगायला लागली, "जन्मभर कोट शिवून घेतले, आन् शेवटाला एक फिरकला न्हाय." मी शेजारी बसून ऐकायचो. ज्यांनी बँड बघितला होता ते माझ्याकडं बघून विषय बदलायचे. मास्तरही पुन्हा आमच्या ओट्यावर आले नाहीत. ज्या वहिनीच्या हातचा चहा इतकी वर्षं घेतला, तिनं दारातून परतवून लावलं असंच ते धरून बसले असणार.

परवा आईला लोहाऱ्याला मावशीकडं न्यायचं होतं. माझी गाडी गॅरेजला होती, म्हणून वडापच्या जीपमध्ये बसलो. पुढच्या फाट्यावर जीप थांबली आणि मास्तर आत चढले. केस पिकलेले, धाप लागलेली. जागा मिळाली ती नेमकी आईच्या समोरची, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. आईनं पदर ओढून तोंड एका बाजूला फिरवलं. मास्तरांनी दुसऱ्या बाजूला फिरवलं. मी आईशेजारी बसलो होतो.

मास्तरांना खोकला आला, थांबेना. आईनं न बघताच पाण्याची बाटली पुढं केली.

"घ्या. आमी पानी तरी इचारतो मान्साला."

मास्तरांनी दोन घोट घेतले. "काय म्हनायचंय वैनी?"

"काय न्हाय. आण्णा गेले तवा यायला जमलं न्हाय तुमाला. लगीन असल कुठं."

"आलो व्हतो की." मास्तरांनी बाटली खाली घेतली. "सगळे आलो व्हतो, कोट घालून. तुमीच नको म्हनलात."

"म्या?"

"तुमीच. तसा निरोप दिला आमाला."

कोपऱ्यात टोपली घेऊन बसलेली बाई आमच्याकडं बघायला लागली. ड्रायव्हरनं आरसा थोडा खाली केला. आईनं माझ्याकडं मान वळवली. मास्तर बाटली हातात धरून तसेच बसले होते, आणि त्यांची छाती जोरानं वरखाली होत होती. आता गप्प राहिलो असतो तर आई मास्तरांना खोटं म्हणाली असती. मास्तरांनी तेही ऐकून घेतलं असतं.

"मास्तर, आई काही म्हणाली नव्हती," मी म्हणालो. "निरोप माझाच होता. साहेब आले होते, मला तुमची लाज वाटली. लहानपणापासून मला तुमचाच बँड आवडतो, आण्णांइतकाच, आणि ते लोकांना कळंल म्हणून लाज वाटली. आई, हे आले होते. सदऱ्यावर मागनं चालत आले होते स्मशानापर्यंत, आणि मी तुला इतके दिवस सांगितलं नाही. माझं चुकलं, मास्तर. आई, तुझाही मी गुन्हेगार आहे. मला माफ करा."