जबल अखदरचे गुलाब आणि गालिनामावशीची आत्या

एप्रिल लागला की मस्कतमधल्या मराठी ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: जबल अखदर डोंगरावरचे गुलाब फुलले का? यंदा फुलल्याचं कळलं आणि मी निघालेच. नवरा सोहारच्या कारखान्यात शटडाऊनमध्ये अडकलेला, म्हणून सोबत ऑफिसातली लेना आणि तिची आई गालिना. लेना रशियाची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. पंचाहत्तरीची आई लेकीकडे पहिल्यांदाच आलेली. मी तिला भेटल्या भेटल्या ‘मावशी’ करून टाकलं. तिला इंग्रजी येत नाही, मला रशियन. मधे लेना दुभाषी.

आदल्या दिवशी मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजमध्ये गाडीचे ब्रेक तपासून घेतले. तुम्हीही घ्या. निझव्यापर्यंतचा रस्ता लोण्यासारखा आहे, वाटेत कडक चहा आणि अंड्याचा पराठा मिळतो. खरी परीक्षा बिरकत अल मोझ गावाच्या पुढच्या घाटात. तिथे पोलिसांची चौकी आहे आणि फोर व्हील ड्राइव्ह नसेल तर सरळ परत पाठवतात. स्वतःची नसेल तर भाड्याने घ्या.

चौकीवर मी काच खाली केली. पोलिसानं लायसन्स बघितलं, मागच्या सीटवर नजर टाकली. मावशीनं पर्स छातीशी घट्ट धरली होती, चेहरा पांढराफटक.

“मामा बरी आहे ना?” त्यानं विचारलं. इथे मामा म्हणजे आई. “यल्ला, निघा. उतरताना लो गिअर टाका.”

दोन वळणं चढलो आणि मावशी एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली.

“आई, काय झालं?”

“अगं, या वयात पोलिसाला घाबरले!” मावशी म्हणाली, आणि मग जे सांगत सुटली ते लेनानंही कधी ऐकलं नव्हतं.

मावशी लहान होती तेव्हा त्यांच्या गावचा ख्रिस्ती जोगिणींचा मठ सोव्हिएत सरकारनं कधीच बंद केलेला होता. तिची आत्या सूतगिरणीत कामाला होती, सगळ्यांसारखीच. पण ती गुपचूप जोगीण झाली होती. तशाच आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहायची. काळी वस्त्रं नाहीत, घंटा नाही. दार लावून तिघी बंदी असलेल्या प्रार्थना टाइप करायच्या, शेजाऱ्यांना खडखड ऐकू जाऊ नये म्हणून टाइपरायटरखाली घडी घातलेलं ब्लँकेट. पातळ कागद, मधे कार्बन. ते कागद गावात पोचवायची छोटी गालिना, स्वेटरच्या आत पोटाला गुंडाळून.

“एकदा पुलावर पोलिसानं थांबवलं,” मावशी म्हणाली. “माझ्या बुटाची नाडी सुटली होती. ‘बांध, पडशील,’ म्हणाला. वाकले तर कागद वाजणार! मी खांबासारखी उभी. शेवटी तोच बिचारा खाली बसला आणि त्यानंच नाडी बांधली.”

मी गाडी बाजूला घेतली, कारण हसू आवरेना. लेना मात्र हसत नव्हती. “हे मला का नाही सांगितलंस?”

“तू शाळेत जायचीस. शाळेत मुलं बोलतात. नंतर गप्प बसायची सवयच लागली.”

वर सैकच्या पठारावर थंड वारा होता. अल ऐन गावात पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात गुलाबच गुलाब. पाटाच्या कडेनं चाललो. अरुंद वाट आहे, चांगले बूट घाला. फुलं खुडणाऱ्या एका म्हाताऱ्या ओमानी बाबांनी आम्हाला बोलावून कहावा, म्हणजे वेलचीची कॉफी, आणि खजूर दिले. तिथे मावशीनं पर्समधून चार-पाच पिवळे कागद काढले. आत्यानं स्वतः रचलेल्या प्रार्थना. रिकाम्या घरात ठेवून यायला जीव होईना, म्हणून सोबत आणलेल्या.

ती वाचू लागली, पण अगदी कुजबुजत.

“आई, मोठ्यानं वाच ना.”

“ह्या मोठ्यानं कशा म्हणतात तेच मला माहीत नाही गं,” मावशी म्हणाली. आत्यानं त्या तिला नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड, कानाशी शिकवल्या होत्या.

लेना तिला खेटून बसली आणि कागदावर वाकून स्वतःच वाचू लागली, स्वच्छ आवाजात. दुसऱ्या ओळीला मावशीचा आवाज त्यात मिसळला, आधी फाटका, मग भरलेला. शेताच्या खालच्या टोकापर्यंत जाईल एवढा. बाबांनी हातातली टोपली खाली ठेवली.

“दुआ?” त्यांनी मला विचारलं.

“दुआ,” मी म्हणाले.

“माशाल्ला,” म्हणत त्यांनी मावशीच्या ओंजळीत गुलाब ओतले.

उतरताना लो गिअर टाकला. चौकीवर मावशीनं स्वतःहून हात हलवला.

रशियाला परत जाताना मावशी ते कागद लेनापाशी ठेवून गेली. एका दुपारी माझ्या ओट्यापाशी उभं राहून लेनानं मला त्यातल्या ओळींचा अर्थ सांगितला: ‘हात सुतात आहेत, मन तुझ्यापाशी. धागा तुटला तर मी जोडते. माझं लक्ष तुटलं तर तू जोड.’

सोलापूरला आईला फोनवर त्या मराठीत सांगितल्या. आईनं जन्मभर विड्या वळल्या, आणि रोज बुद्धवंदना म्हणते.

“देवाचं आपल्याला काही नाही गं,” ती म्हणाली, “पण लक्ष तुटतं, हे खरंय. लिहून पाठव मला. मोठ्या अक्षरात.”