दोन जागांची गाडी

मी लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा सासऱ्यांच्या मिठागरांपेक्षा त्यांच्या गाडीचाच बोलबाला जास्त होता. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतलेली. हिरवी, बुटकी, वरून उघडी स्पोर्ट्स कार, आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी. हँडल मारून मारून ह्यांचा खांदा दुखायचा. बसायला जागा दोनच.

घरात माणसं मात्र जिकडेतिकडे. ओटीवर सासरे, माजघरात दीर, माळ्यावर नणंदा. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे कुठे? लग्नाला कित्येक महिने झाले तरी ह्यांना काय आवडतं, कशाचा राग येतो, मला ठाऊक नव्हतं. अनोळखी माणसाशी संसार करायचा की काय, या विचारानं मी रडकुंडीला आले होते.

एका रविवारी कल्याणला सासूबाईंच्या सख्ख्या बहिणीकडे सुकट पोचवायची होती. जायचं सासूबाईंनीच, पण त्या म्हणाल्या, "त्या वाऱ्यानं माजा कान ठणकतो गो. तुमी दोघंच जा." मग दर रविवारी काही ना काही पोचवायचं निघायचं, आणि दर रविवारी त्यांचा कान ठणकायचा.

खाडीचा पूल आला की मी डोक्यावरचा पदर सोडून द्यायची. कळवा, मुंब्रा, तोंडात धूळ, मांडीवर सुकटीचा वास. इंजिन एवढं धडधडायचं की बोलायला एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावं लागे. आमची ओळख त्या आवाजात झाली.

पुढे काळी, बंद, चार दारांची नवी गाडी आली. खोटं कशाला बोलू, ती सगळ्याच बाबतींत सरस होती. गुबगुबीत सीट, वर-खाली होणारी काच, पावसात साडी कोरडी. अख्खं घर त्यात मावायचं. हे आणि सासरे पुढे, मी पोरांना घेऊन मागे.

पहिल्याच फेरीला सासूबाई खिडकीशी बसल्या. पूल येताच त्यांनी काच पार खाली केली आणि तोंड बाहेर काढलं. पदर उडाला, अंबाडा सुटला, मुंब्रा आलं तरी मान आत नाही. एकट्याच हसत होत्या.

"आई, कान ठणकेल," मी म्हणाले.

"कंचा कान?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं मी त्यांच्या जागेवर बसत होते.

तेव्हापासून खिडकी त्यांची. पोरं तिच्यासाठी भांडली की धपाटा पोरांनाच मिळायचा.