बेहड्यावरची गिधाडं

पोलादपूरच्या वर डोंगरात आडमाची नावाची अकरा घरांची वाडी होती. तिथल्या तुळजाबाईला गिधाडं आवडायची. हे ऐकलं की माणसं आधी हसायची, मग नाक मुरडायची. पोपट आवडावा, मोर आवडावा. मेलेल्या ढोरात मान घालणारं पाखरू कुणाला आवडतं? तुळजाबाई लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून ढोरं राखत होती, आणि ढोरं चरायच्या माळाच्या कडेला जो थोरला बेहडा होता त्यावर दर थंडीत गिधाडं घरटी बांधायची. पंचवीस वर्षं तिनं ती पाहिली होती. नर आणि मादी आळीपाळीनं अंड्यावर बसतात, घरट्यात हिरवा पाला आणून अंथरतात, उन्हं तापली की खाली डोहात जाऊन अंघोळ करतात आणि खडकावर पंख पसरून वाळत बसतात, हे सगळं तिला ठाऊक होतं. "माझ्यापरास जास्त न्हातात ती," असं ती म्हणायची.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा सयाजी मुंबईला गोदीत कामाला होता. शेजारच्या घरात दीर कोंडाजी राहायचा. तो मध काढायला कुठल्याही झाडावर सरसर चढायचा.

महाडला तळ्याचा सत्याग्रह झाला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यानंतर महारवाड्यातल्या माणसांनी दुसऱ्यांची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं. ज्याचं ढोर त्यानं ओढावं, असं झालं. आडमाचीतल्या कितीजणांनी त्यावरून आदळआपट केली, पण तुळजाबाईनं आपली म्हातारी म्हैस स्वतः दोरी लावून माळावर ओढत नेली. पुढचं काम गिधाडांनी केलं. दुपारपर्यंत नुसती हाडं उरली. माळाला वास नाही, ओढ्याच्या पाण्याला वास नाही. त्या दिवशी तिनं वाडीतल्या बायांना सांगितलं, "बघा गो, आपली घाण कोन निस्तरतं ते."

त्याच तुळजाबाईच्या हातून पुढं जे झालं, ते तिला मरेपर्यंत खरं वाटलं नाही.

माघ महिन्यात वाघरानं तिची तांबडी पाडी मारली. मोठ्या वाघाला नव्हे, बिबट्यालाच तिकडं वाघरू म्हणतात. महिनाभरात त्यानं वाडीतलं हे तिसरं ढोर नेलं होतं. पाडी अर्धी खाऊन करवंदीच्या जाळीत दडवून ठेवली होती. म्हणजे रात्री ते परत येणार. सयाजी तेव्हा एका लग्नासाठी आठ दिवस गावी आला होता. त्यानं ट्रंकेतून एक पुडी काढली.

"आये, गुदामात उंदरांना घालतात ती पावडर हाय. एकदम फर्स्टक्लास. वाघरू जाग्यावर आडवं होईल."

"आनि गिधाडांनी खाल्लं तर?"

"ती काय अंधारात येतात? उजाडलं की मी मढं पुरतो, मगच मुंबईला जायला खाली उतरतो."

तिला पटलं. पाडीचं दुःख ताजं होतं, आणि गोठ्यात अजून दोन वासरं होती. दिवस मावळायच्या आधी मायलेक जाळीत गेली. तिनं विळ्यानं मांसात चिरा पाडल्या, बोटांनी त्या उघडून धरल्या आणि सयाजीनं पुडी त्यात रिकामी केली. वरून दोघांनी फांद्या टाकल्या. घरी येऊन तिनं तीनदा राखेनं हात धुतले.

सकाळी तिला जाग आली तेव्हा सयाजी निघून गेला होता. पोलादपुरातून महाडची मोटर, महाडहून दासगावचा धक्का आणि तिथून पुढं बोटीनं मुंबई, असा त्याचा लांबचा पल्ला होता. खालच्या वाडीतले सोबती लवकर हाका मारत आले असणार. मढं पुरूनच गेला असेल, असं धरून तिनं धार काढली, भाकऱ्या टाकल्या आणि शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती शेतात राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायच्या तयारीला गेली.

उन्हं चांगली वर आली होती. पाटी उतरवताना तिनं वर पाहिलं. आभाळातून गिधाडं खाली येत होती. पंख अर्धे मिटून, एकामागून एक. तिला नेहमीच्या सवयीनं बरं वाटलं. कुणाचं ढोर गेलं असेल, असा विचारही मनात आला. मग ती कुठल्या बाजूला उतरतायत ते तिला दिसलं.

ती धावत सुटली. लुगड्याचा काष्टा काट्यात अडकून फाटला, पायात बोराटी मोडली, ती थांबली नाही. ओरडत होती, हातवारे करत होती. जाळीपाशी पोहोचली तेव्हा कोल्ह्यांनी फांद्या ओढून पाडीचं मढं उघड्यावर आणलेलं दिसलं. दोन कोल्हे तिथंच ताठ होऊन पडले होते. आणि माळभर गिधाडं.

काही मेली होती. काहींच्या माना उलट्या पाठीकडं वळल्या होत्या, नख्या मुठीसारख्या आवळल्या होत्या. एक पंख आपटत गोल गोल फिरत होतं. एक उडालं, बेहड्यापर्यंत पोहोचलं आणि फांदीवर बसता बसता दगडासारखं खाली आलं. त्याचा धप्पकन आवाज तिनं ऐकला. ती मधोमध उभी राहिली. तिला रडू येईना. नुसते हात पुढं धरून ती बोटांकडं बघत राहिली.

कोंडाजी मागून आला. "वयनी, हितं काय करतीस? चल घरी."

"भावजी, मोजा."

"काय?"

"मोजा म्हनते ना!"

चोवीस भरली. वाघराचा पत्ता नव्हता. ते आलंच नव्हतं किंवा माणसाच्या हाताचा वास घेऊन परतलं होतं. चार दिवसांनी त्यानं खालच्या वाडीतली शेळी नेली.

दोघांनी दिवसभर खड्डा खणला. पाडी, कोल्हे, गिधाडं सगळं पुरून वर दगड रचले. बेहड्यावर तेव्हा चार घरटी होती आणि चारांतही पिल्लं होती. संध्याकाळी वरून त्यांची चिरकी ओरड सुरू झाली, तशी तुळजाबाई झाडाखाली मटकन बसली. दुसऱ्या दिवशी दोन घरट्यांवर एकेक मोठं पाखरू परत आलं. उरलेल्या दोन्हींवर कुणी आलं नाही. कोंडाजी वर चढला. एक पिल्लू मेलेलं होतं. दुसरं करड्या लवेचं, हिसहिस करणारं, जिवंत होतं.

"खाली आनू?"

"नको. तिथंच असू दे. आपन वर पोचवू."

तिनं कोंबडी कापली, कोंडाजीनं ओढ्यातले मासे धरले. पानात बांधून तो रोज वर न्यायचा, बारीक तुकडे चोचीपुढं धरायचा. नवव्या दिवशी वरूनच कोंडाजीनं नकाराची मान हलवली. ते पिल्लूही गेलं होतं.

दुसऱ्या दोन घरट्यांतली पिल्लं मात्र जगली. एकटा नर किंवा एकटी मादी किती लांब जाऊन आणणार, म्हणून चैत्रापर्यंत आजूबाजूच्या वाड्यांत जे ढोर मेलं ते आपल्या माळावर आणून टाकायला तिनं सांगितलं. कुणाला ओढायला माणूस नसला तर ती आणि कोंडाजी जायची. तरी दोनचार पाखरांना किती पुरं पडणार? जेठात वाडीतला एक बैल मेला तो तेरा दिवस पडून राहिला. कुत्री पिसाळल्यासारखी भांडायला लागली, ओढ्याचं पाणी कुणी तोंडात घेईना. मग कुठं वाडीतल्या माणसांना कळलं की गिधाडांवाचून काय होतं.

गणपतीला सयाजी आला. तुळजाबाईनं त्याला बेहड्याखाली नेलं, दगडांचा ढीग दाखवला.

"आये, मला वाटलं मोटर चुकंल. मढं वाघरानं ओढून नेलं आसंल, आसं मनाला सांगितलं नि गेलो."

"नि मी काय गेले बघायला? मी पन भाकऱ्याच टाकीत बसले," ती म्हणाली. त्याला ती एवढंच बोलली. लोकांपुढं तिनं त्याचं नाव कधी घेतलं नाही.

पुढची आठ-दहा वर्षं तिनं काय केलं ते सांगायला फार मोठं नाही. कुठं वाघरानं ढोर मारलं असं कानावर आलं की ती चालत जायची. पोलादपूरच्या डोंगरात कुठली वाडी तिनं सोडली नाही. आधी विष घालू नका म्हणायची आणि नुसतं बोलून परत फिरायची नाही. कोंडाजीला घेऊन त्या घरच्या गोठ्याला बांबूचं जाड दार बसवून द्यायची, भोवती काटे रचायला लावायची. कोळशाच्या भट्टीवाल्यानं बेहडा मागितला तेव्हा तिनं खोडाला पाठ लावून बसकण मारली. त्यानं दुसरं झाड बघितलं. पौषात ती घरटी मोजायची. पहिल्या वर्षी दोन, दुसऱ्या वर्षी दोन. तिसऱ्या वर्षी एक. पाचव्या वर्षी तीन झाली, आणि त्यापुढं हळूहळू सहावर गेली.

एकदा कशेडी घाटाच्या अंगाला असलेल्या वाडीत रखमा नावाच्या बाईचा खोंड वाघरानं मारला. तुळजाबाई पोहोचली तेव्हा रखमा विषाची पुडी सोडतच होती.

"काकी, तू नको सांगू मला," रखमा चिडून म्हणाली. "तुला पाखरांचा लळा. माझा खोंड गेलाय. तुला काय कळायचं?"

"मी चोवीस मारली," तुळजाबाई म्हणाली.

रखमाचा पुडी सोडणारा हात थांबला.

"ह्या हातांनी चिरा पाडल्या. पाडीची आग मनात व्हती, जशी तुझ्या हाय. वाघरू मेलं नाय. लेकरं वर बोंबलत ऱ्हायली. आजून मला कधी ताटात मटान बघवत नाय, गो." तिनं दोन्ही हात रखमापुढं धरले.

रखमा त्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं पुडी परत बांधली आणि परसातली कुदळ आणली. गोठ्यापासून लांब, ओढ्यापासूनही लांब, दोघींनी कंबरभर खड्डा खणला. पुडी टाकून माती लोटली, वर दगड ठेवला. उन्हं कलली होती.

"दाराला बांबू हायत का घरात?" तुळजाबाईनं घाम पुसत विचारलं.

"हायत. आंबाडीची दोरी पन हाय."

"आन मग. आज रातीच्या आत बांधायला पायजे."